विल्यम हेन्री लुईस: हार्वर्डची बचावफळी घडवणारे वकील

प्रश्न असा होता: अमेरिकेतल्या सुरुवातीच्या कॉलेज फुटबॉलमधले (चेंडू हातात घेऊन रेटत पुढे नेण्याचा अमेरिकन खेळ, सॉकर नव्हे) प्रशिक्षक विल्यम हेन्री लुईस पुढे वकील झाले म्हणतात. त्यांनी फुटबॉल कधी आणि का सोडला, प्रशिक्षक म्हणून ते खरोखर किती मोठे होते, आणि त्यांच्याबद्दल जे ‘पहिले’ म्हणून सांगितले जाते त्यातले किती धरायचे?

पहिल्याच वाक्यात दुरुस्ती करावी लागते. लुईस आधी प्रशिक्षक आणि मग वकील, असे झालेच नाही. 1895 साली हार्वर्ड लॉ स्कूलची पदवी हातात आली, त्याच वर्षी त्यांनी बॉस्टनमध्ये वकिली सुरू केली आणि त्याच वर्षी हार्वर्डच्या संघाला शिकवायलाही घेतले. 1906 पर्यंत दोन्ही कामे बरोबरीने चालली. शेवटच्या काही हंगामांत तर ते संघराज्य सरकारचे सरकारी वकील होते आणि शरद ऋतूत हार्वर्डच्या मैदानावर प्रशिक्षकही होते. आज हे विचित्र वाटते, कारण ‘कोच’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बारमाही पगारी नोकरी येते. त्या काळी तसे पद बहुतेक कॉलेजांत नव्हतेच. हंगाम सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन नोव्हेंबरच्या अखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास संपायचा. माजी खेळाडू दुपारच्या सरावाला यायचे, आपल्या जागेवर खेळणाऱ्या पोरांना शिकवायचे आणि उरलेले नऊ-दहा महिने आपापला धंदा पाहायचे. संघाचा खरा मालक कॅप्टन असायचा. येल आणि हार्वर्डमध्ये मुख्य प्रशिक्षक बहुधा अलीकडचाच एखादा पदवीधर खेळाडू असे आणि तो वर्षा-दोन वर्षांत बदलत असे.

ही पद्धत ध्यानात ठेवली तर लुईस यांचे वेगळेपण उठून दिसते. हार्वर्डचे मुख्य प्रशिक्षक पाहा: 1897 आणि 98 ला कॅमरन फोर्ब्स, जे पुढे फिलिपिन्सचे गव्हर्नर जनरल झाले; 1899 आणि 1900 ला बेन डिब्ली; 1901 ला बिल रीड; 1902 ला फार्ली; 1903 ला क्रॅन्स्टन; 1904 ला राइटिंग्टन; 1905 ला पुन्हा रीड. माणसे येत-जात राहिली, पण फळीचे (समोरच्या संघाला थेट भिडणाऱ्या पुढच्या रांगेचे) आणि बचावाचे काम वर्षानुवर्षे लुईस यांच्याकडेच राहिले. मागच्या वर्षी काय चुकले हे नव्या मुख्य प्रशिक्षकाला सांगू शकेल असा अनुभवी माणूस त्या व्यवस्थेत फार थोड्या संघांकडे होता.

आता थोडे मागे जाऊ. लुईस यांचा जन्म 28 नोव्हेंबर 1868 रोजी व्हर्जिनियातल्या नॉरफोकजवळच्या बर्कली गावात झाला. आईवडील दोघेही पूर्वी गुलामगिरीत राहिलेले. वडील पुढे बाप्टिस्ट धर्मोपदेशक झाले. पीटर्सबर्गच्या व्हर्जिनिया नॉर्मल अँड कॉलेजिएट इन्स्टिट्यूटमध्ये लुईस शिकले. जॉन मर्सर लँग्स्टन तिथले अध्यक्ष होते. त्यांच्याच मदतीने 1888 मध्ये लुईस मॅसॅच्युसेट्समधल्या ॲम्हर्स्ट कॉलेजात गेले. वर्गमित्र विल्यम टी. एस. जॅक्सनही त्यांच्याबरोबर गेला. फीसाठी वाढप्याचे आणि इतर अंगमेहनतीचे काम करत त्यांनी शिक्षण पुरे केले. 1891 च्या हंगामात ते ॲम्हर्स्टच्या फुटबॉल संघाचे कॅप्टन होते आणि 1892 च्या पदवीदान समारंभात वर्गाचे वक्ते. बोलणे आणि खेळणे दोन्ही एकाच माणसात होते, हे इथूनच दिसते.

हार्वर्ड लॉ स्कूलमध्ये गेल्यावर 1892 आणि 1893 असे दोन हंगाम ते हार्वर्डकडून सेंटर, म्हणजे फळीच्या मधोमध राहून चेंडू मागे देणारा गडी, म्हणून खेळले. कायद्याचा विद्यार्थी कॉलेजच्या संघात कसा, हे कोडे नेहमी पडते. त्या वेळी पदवीधर विद्यार्थी खेळवायला सर्वमान्य बंदी नव्हती. 1893 पासून त्याविरुद्धचे नियम कडक होत गेले. म्हणून या काळातल्या कुणाही खेळाडूची वर्षे मोजताना आजचा चार हंगामांचा हिशेब लावू नका. पाच-सहा हंगाम खेळलेली माणसे सर्रास सापडतात आणि ती फसवणूक नव्हती.

प्रशिक्षक म्हणून ते किती मोठे होते, हे ठरवायचे तर 1890 च्या दशकातला खेळ डोळ्यांपुढे आणावा लागतो. आजचा टीव्हीवरचा खेळ मनात ठेवून वाचले तर चुकीचे निष्कर्ष निघतात.

मैदान 110 यार्ड लांब. फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू हाताने पुढे फेकणे, नाही. तो 1906 मध्ये आला. तीन डाउनमध्ये (डाउन म्हणजे चाल खेळायची एक संधी) 5 यार्ड पुढे जायचे. 1894 पर्यंत 45 मिनिटांचे दोन भाग, त्यानंतर 35 मिनिटांचे. एकदा बाहेर गेलेला खेळाडू परत आत येऊ शकत नाही, आणि तेच अकरा जण चढाई आणि बचाव दोन्ही करणार. 1897 पर्यंत टचडाउनला (चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपार नेण्याला) 4 गुण, त्यानंतरच्या किकला 2, मैदानी गोलला 5. म्हणजे पायाने मारलेल्या गोलाला टचडाउनपेक्षा जास्त किंमत! त्या काळातला 6–0 असा निकाल दिसला की तो बहुधा एक टचडाउन आणि त्यावरची किक असतो.

आता तीन डाउन, 5 यार्ड याचा हिशेब करा. दर खेपेला सरासरी पावणेदोन यार्डांच्या आत, म्हणजे साधारण दीड मीटर, पुढे सरकले तरी चेंडू तुमच्याकडेच राहतो. सगळा संघ एका ठिकाणी कोंबून रेटा दिला की तेवढे अंतर कापता येते. म्हणून त्या दशकातला खेळ रेटारेटीचा झाला आणि बचाव करणाऱ्याला एका पावलाचीही सूट राहिली नाही. फळी अर्धे पाऊल मागे हटली तर समोरच्याला नवे तीन डाउन मिळालेच. फळीचा प्रशिक्षक हा संघातला सर्वांत महत्त्वाचा शिक्षक का होता, ते या गणितात आहे.

सेंटरची जागा सर्वांत अवघड. दोन्ही फळ्यांमध्ये चेंडूच्या लांबीइतकी मोकळी पट्टी ठेवण्याचा नियम 1906 चा. त्याआधी समोरचा सेंटर नाकासमोर, हात लागेल इतका जवळ. सेंटरने वाकून चेंडूवर हात ठेवायचा, खुणेवर तो मागे बसलेल्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू पहिल्यांदा घेणाऱ्या गड्याला, द्यायचा, आणि त्याच झटक्यात समोरच्याला अडवायचे. अडवताना चढाईच्या बाजूला हात पसरायची परवानगी नव्हती. खांदा आणि धड एवढेच हत्यार. बचावाच्या बाजूला मात्र हात वापरता येत. म्हणजे सेंटर एका हाताने चेंडू देण्यात गुंतलेला असताना समोरचा दोन्ही हातांनी त्याला बाजूला फेकायला मोकळा.

इथे चूक दोन प्रकारे होते. चेंडू द्यायच्या नादात वजन टाचांवर गेले की सेंटर मागे कलंडतो आणि क्वार्टरबॅकच्या अंगावरच पडतो. उलट, समोरच्यावर तुटून पडायची घाई केली तर चेंडू थोडा उंच किंवा फिरत जातो, क्वार्टरबॅकच्या हातून सुटतो, आणि सुटलेला चेंडू जो पकडेल त्याचा. क्वार्टरबॅकला स्वतः चेंडू घेऊन रेषेपुढे जाता येत नसल्यामुळे प्रत्येक चालीत त्याला तो आणखी एकदा हाफबॅककडे, म्हणजे फळीमागून चेंडू घेऊन धावणाऱ्याकडे, द्यावा लागायचा. दोन देवाणघेवाणींपैकी पहिलीच बिघडली तर चाल तिथेच मेली. यावरचा उपाय म्हणजे वजन चवड्यांवर, कंबर खाली, आणि चेंडू देणे व पुढे झेपावणे या दोन हालचाली एकच करणे.

लुईस यांचे वजन 175 पौंडांच्या आसपास, म्हणजे 80 किलोही नाही. समोर बऱ्याचदा 200 पौंडांच्या पुढचे गडी. कुस्तीत हलका मल्ल भारी मल्लाच्या कमरेखाली शिरून त्याचा तोल काढतो, तेच तंत्र. वेग, खालची पातळी आणि चेंडू हलताक्षणी पहिला धक्का. दोन्ही वर्षी, 1892 आणि 1893 ला, ते ऑल-अमेरिका संघात, म्हणजे हंगामातल्या देशभरच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, निवडले गेले. ती यादी कॅस्पर व्हिटनी आणि वॉल्टर कॅम्प यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. तिच्यात तेव्हा फक्त अकरा नावे असत आणि ती बहुतांश येल, हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि पेनसिल्व्हेनिया या चार संघांचीच. या यादीत स्थान मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू लुईस. हा ‘पहिले’ निःशंक धरा.

त्या दोन हंगामांत दोन सामने विशेष. 19 नोव्हेंबर 1892 रोजी स्प्रिंगफील्डला येलविरुद्ध हार्वर्डने ‘फ्लाइंग वेज’ ही उडती पाचर पहिल्यांदा वापरली. ती शोधणारे लोरिन डेलँड बुद्धिबळाचे शौकीन होते. ते स्वतः कधी फुटबॉल खेळलेले नव्हते. त्या वेळच्या नियमात सुरुवातीची किक मारणाऱ्याने चेंडूला नुसता पाय लावून तो उचलून घेतला तरी चालत असे. डेलँड यांनी या फटीचा फायदा घेतला. खेळाडूंचे दोन गट मागून, दोन बाजूंनी तिरके धावत आले, पाचरीच्या आकारात जुळले, आणि हार्वर्डच्या ट्रॅफर्डने पाय लावून उचललेला चेंडू चार्ली ब्रूअरने त्या पाचरीच्या आडून पळवला. सामना येलने 6–0 जिंकला, पण चाल गाजली. दुखापती इतक्या वाढल्या की 1894 मध्ये सुरुवातीची किक किमान 10 यार्ड गेलीच पाहिजे असा नियम करून ती बंद करावी लागली. नियमाच्या शब्दांतली फट हेरणारा माणूस सगळा खेळ कसा हलवू शकतो, हे कायदा शिकणाऱ्या सेंटरने मैदानावर उभे राहून पाहिले.

दुसरा सामना 1893 च्या थँक्सगिव्हिंगचा, पेनसिल्व्हेनियाविरुद्ध. हार्वर्डने तो 26–4 जिंकला आणि कॅप्टनची जबाबदारी लुईस यांच्यावर होती. समोरच्या संघाचे प्रशिक्षक जॉर्ज वुड्रफ. त्यांचीही वाट कायद्याचीच. वुड्रफ यांनी पेनचा (पेनसिल्व्हेनियाचा) संघ 1892 ते 1901 सांभाळला, त्याच काळात कायद्याची पदवी घेतली, पुढे वनखात्याचे प्रमुख गिफर्ड पिंचो यांच्याबरोबर संघराज्याच्या वनखात्याचे कायदेविषयक काम पाहिले आणि 1923 मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याचे ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य कायदा अधिकारी, झाले. ‘प्रशिक्षक पुढे वकील’ हे वर्णन खरे तर वुड्रफ यांना अधिक चपखल बसते.

वुड्रफ यांच्यामुळेच लुईस यांच्यासारख्या बचावाच्या शिक्षकांपुढे दशकातला सर्वांत कठीण प्रश्न उभा राहिला. त्यांच्या ‘गार्ड्स बॅक’ रचनेत फळीतले दोन्ही भारी गार्ड (सेंटरच्या दोन्ही बाजूंचे गडी) मागे घेतले जात आणि हाफबॅकच्या पुढे मुसंडी मारत. चढाईच्या बाजूने किती जण रेषेवर असलेच पाहिजेत, याचे बंधन तेव्हा नव्हते. त्यामुळे दोन गार्ड आणि मागची तिघे-चौघे एका टॅकलवर (बचावाच्या फळीतल्या, गार्डच्या पलीकडच्या गड्यावर) एकदम तुटून पडत. अशा वेळी जागेवर पाय रोवून उभे राहणे हीच सर्वांत मोठी चूक. मागून धावत आलेल्या पाच-सहा जणांना वेग मिळालेला असतो. स्थिर माणूस कितीही दणकट असला तरी दोन यार्ड मागे जातोच, आणि तेवढेच त्यांना हवे असते. चाल मोडायची तर ती तयार होण्याआधी मोडावी लागते. गार्ड निघून गेल्यामुळे समोर जी पोकळी पडते तिच्यातूनच आत घुसायचे आणि पुढच्या अडवणाऱ्यांना रेषेच्या मागेच खाली पाडायचे, म्हणजे चेंडूवाला आपल्याच माणसांवर अडखळतो. 1898 मध्ये हार्वर्डने पेनला 10–0 आणि येलला 17–0 हरवले आणि हंगामभर एकही सामना गमावला नाही.

1896 मध्ये हार्पर प्रकाशनाने लुईस यांचे कॉलेज फुटबॉलचे प्राथमिक पुस्तक छापले. या खेळावरच्या अगदी सुरुवातीच्या पाठ्यपुस्तकांत ते मोडते आणि माझ्या मते त्यातले उत्तम. त्याची मांडणी शिक्षकाची आहे: आधी चेंडू देणे, झेलणे, पडलेल्या चेंडूवर झेपावणे, अडवणे, फळीत खिंडार पाडणे, टॅकल करणे (चेंडूवाल्याला पकडून पाडणे) ही सुटी कौशल्ये, मग एकेका जागेचे काम, आणि शेवटी सांघिक खेळ. चालींच्या आकृत्यांनी भुरळ घालण्याचा मोह त्यांनी टाळला. पाया कच्चा असेल तर आकृती कागदावरच राहते, हे ज्याने खिंडीत उभे राहून अनुभवले तोच असा क्रम लावतो.

त्यांच्या बारा हंगामांत हार्वर्डने 110 हून अधिक सामने जिंकले आणि विसापेक्षा कमी हरले. आकडा भारदस्त आहे, पण त्याला नुसता नमस्कार करू नका. त्यातले कितीतरी सामने हंगामाच्या सुरुवातीला छोट्या कॉलेजांशी, घरच्या मैदानावर झालेले होते. खरी कसोटी येलची. तिथे 1898 ला 17–0 आणि 1901 ला 22–0 असे दोन दणदणीत विजय आहेत, 1897 आणि 1899 ला शून्य-शून्य बरोबरी आहे, तर 1900 ला 28–0 असा पराभव आणि 1902 ते 1906 सलग पाच हार. या पाच वर्षांत हार्वर्डला येलविरुद्ध एकही गुण करता आला नाही. तरीही बचाव कोसळला होता असे नाही. 1902 ला 23–0, 1903 ला 16–0, 1904 ला 12–0, 1905 आणि 1906 ला 6–0 असे येलचे गुण उतरत गेलेले दिसतात. कमी पडत होती ती चढाई.

शेवटच्या टप्प्यात खेळाचे रूपच बदलत होते. 1905 मध्ये बिल रीडला हार्वर्डने 7000 डॉलर देऊन बोलावले. प्राध्यापकांपेक्षाही ती रक्कम मोठी होती. त्याच वर्षी 9 ऑक्टोबरला अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळातली हिंसा आवरायला सांगितले. 1906 च्या नियमांत फॉरवर्ड पास आला, तीन डाउनमध्ये 10 यार्ड झाले, फळ्यांमध्ये मोकळी पट्टी आली. दुपारी दोन तास येऊन शिकवणाऱ्या वकिलाचा जमाना संपत होता आणि बारमाही व्यावसायिक प्रशिक्षकाचा सुरू होत होता. लुईस यांनी 1906 नंतर ते काम थांबवले. 1907 मध्ये त्यांच्याकडे न्यू इंग्लंड विभागाच्या नागरिकत्व-नोंदणीच्या कामाची प्रमुख म्हणून जबाबदारी आली, हे शेजारी ठेवले की फुटबॉल ‘का सोडला’ याचे निराळे कारण शोधावे लागत नाही.

त्यांच्या वकिलीची आणि सार्वजनिक जीवनाची बीजेही विद्यार्थिदशेतलीच आहेत. 1893 मध्ये केंब्रिजच्या एका न्हाव्याने वर्णावरून त्यांची दाढी करायला नकार दिला. हार्वर्डचा नामांकित सेंटर असूनही! लुईस यांनी तो अपमान गिळला नाही आणि त्याचे केवळ भांडणही केले नाही. राज्याच्या भेदभावबंदी कायद्याच्या शब्दांतच दुरुस्ती व्हावी म्हणून ते विधिमंडळाच्या मागे लागले. कायद्यात न्हाव्याचे दुकान आणि पैसे घेऊन चालणारी इतर सार्वजनिक ठिकाणे स्पष्टपणे नमूद झाली.

पुढे 1899 ते 1902 ते केंब्रिजच्या नगरपरिषदेत होते आणि नंतर एक वर्ष मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधिगृहात. तिथे पुन्हा निवडून आले नाहीत. 1903 मध्ये रूझवेल्ट यांनी त्यांना बॉस्टनमध्ये सहायक सरकारी वकील नेमले. हे पद मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय. या नेमणुकीमागे कृष्णवर्णीयांचे मवाळ नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांचा शब्द होता, आणि बॉस्टनमधल्या जहाल मंडळींना तो खुपला, कारण काही वर्षांपूर्वी लुईस स्वतः वॉशिंग्टन यांचे कडवे टीकाकार होते. 30 जुलै 1903 रोजी बॉस्टनच्या एका चर्चमध्ये वॉशिंग्टन यांची सभा जहाल गटाचे विल्यम मनरो ट्रॉटर आणि त्यांच्या साथीदारांनी उधळली, ट्रॉटरना अटक झाली; त्या सभेच्या अध्यक्षस्थानी लुईस होते. त्यांनी बाजू बदलली हे खरे. परंतु नंतरच्या प्रसंगांत ते कुणापुढे वाकल्याचे दिसत नाही.

1910 मध्ये अध्यक्ष टॅफ्ट यांनी त्यांचे नाव संघराज्याच्या सहायक ॲटर्नी जनरलपदासाठी जाहीर केले. दक्षिणेकडच्या सिनेटरांचा विरोध ओलांडून जून 1911 मध्ये सिनेटची मंजुरी मिळाली. तोवर कुणाही कृष्णवर्णीय अमेरिकनाला सरकारच्या कार्यकारी शाखेत इतके उच्च पद मिळाले नव्हते. मूळ रहिवासी जमातींशी संबंधित दाव्यांत सरकारची बाजू लढवणे हे त्यांचे मुख्य काम.

त्याच साली अमेरिकन बार असोसिएशनने, म्हणजे वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेने, बॉस्टनचे बटलर विल्सन, मिनियापोलिसचे विल्यम मॉरिस आणि लुईस या तिघांना सदस्य करून घेतले. ते कृष्णवर्णीय आहेत हे कळल्यावर 1912 च्या आरंभी कार्यकारिणीने लुईस यांची निवड रद्द करायचा ठराव केला. राजीनामा द्यावा म्हणून दडपण आले. लुईस यांनी तो दिला नाही. त्यांची निवड संघटनेच्या घटनेप्रमाणे झाली होती आणि त्या घटनेत वर्णाची अट कुठेच नव्हती. ॲटर्नी जनरल जॉर्ज विकरशॅम यांनी आपल्या सहकाऱ्याची बाजू घेऊन सुमारे 4700 सदस्यांना पत्र पाठवले. ऑगस्टमधल्या वार्षिक सभेत तडजोड झाली: तिघांचे सदस्यत्व कायम, पण यापुढे अर्जदाराचा वर्ण कळवायचा. ही तडजोड काही जण लुईस यांचा विजय म्हणून सांगतात. तो अर्धाच होता. त्यांची जागा वाचली, आणि मागून येणाऱ्यांसाठी दार बंद झाले. ते 1943 मध्ये उघडले.

1913 मध्ये अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे सरकार आल्यावर लुईस बॉस्टनला परतले. न्यायाधीशपदाची त्यांची उमेद पुरी झाली नाही. पुढची तीन दशके आणि वर ते नामवंत फौजदारी वकील राहिले. 1941 मध्ये मॅसॅच्युसेट्स सिनेटपुढे गव्हर्नर्स कौन्सिलचे (राज्यपालांच्या सल्लागार मंडळाचे) सदस्य डॅनियल कोकली यांच्यावर महाभियोग चालला, तेव्हा सत्तरी ओलांडलेले लुईस बचावाच्या बाजूने उभे होते. 1 जानेवारी 1949 रोजी बॉस्टनमध्ये त्यांचे निधन झाले.

राहिला ‘पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक’ हा दावा. तो लुईस यांना लावू नका. ते फळीचे आणि बचावाचे सहायक प्रशिक्षक होते. गोऱ्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजात मुख्य प्रशिक्षक झालेले पहिले कृष्णवर्णीय म्हणून मॅथ्यू बुलक यांचे नाव घ्यावे. डार्टमथचा हा खेळाडू 1904 मध्ये मॅसॅच्युसेट्स ॲग्रिकल्चरल कॉलेजचा प्रशिक्षक झाला, आणि तोही हार्वर्ड लॉ स्कूलमधून वकील होऊन बाहेर पडला. दोघांचे प्रांत, शाळा आणि धंदा एकच असल्याने गल्लत होते. नोंद करताना लुईस यांच्यापुढे ‘सहायक प्रशिक्षक, 1895 ते 1906’ असे लिहावे, आणि कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये 2009 साली झालेला त्यांचा समावेश खेळाडू म्हणून आहे, हेही त्यातच स्पष्ट करावे.